समेआधीच संपणारी मैफल

पनवेलच्या आद्य क्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहात शास्त्रीय गायनाची मैफल ठरली की तिचे निमंत्रण आता भ्रमणध्वनीवर येते. गायकाचे छायाचित्र, मागील मैफलीतील अर्ध्या मिनिटाची चित्रफीत आणि सोबत त्याच्या यूट्यूब वाहिनीचा पत्ता. जुन्या रसिकांना हे खटकते. साधकाने स्वतःची टिमकी स्वतःच वाजवावी काय, असे त्यांना वाटते.

या आक्षेपाचे उत्तर पनवेलपासून फार दूर नाही. वाशीला अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची वास्तू आहे. हे मंडळ ज्यांच्या शिष्यांनी १९३१ साली स्थापन केले, त्या पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी दरबारी आश्रयावर न विसंबता तिकीट लावून जाहीर मैफली केल्या. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. पुस्तके छापली, ‘संगीतामृत प्रवाह’ हे नियतकालिक चालवले, शिष्यांना घेऊन गावोगाव हिंडले. प्रसिद्धीचे जे साधन हाती आले ते त्यांनी निःसंकोचपणे वापरले. पुढे कर्जापायी मुंबईच्या विद्यालयाची वास्तू गेली, पण तोवर गाणे मध्यमवर्गाच्या घरात शिरले होते. तानसेन मोजकेच व्हायचे. पंडितजींनी कानसेन घडवले.

आजच्या कलावंताने महाजाल वापरले म्हणून त्याला दोष देण्याचे कारण नाही. २०२० च्या टाळेबंदीत सभागृहे बंद पडली, तेव्हा अनेकांच्या शिकवण्या याच मार्गाने चालू राहिल्या. परदेशातील मराठी मुले आज इथल्या गुरूंसमोर पडद्यावर बसून शिकतात. एरवी मोठ्या शहरातील आयोजकांच्या ओळखीवाचून अडून राहिलेल्या पनवेल-उरणकडच्या गायकाला आता स्वतःचे गाणे स्वतः लोकांपुढे ठेवता येते. ही सोय लहान नव्हे.

चिंता आहे ती चित्रफितीच्या लांबीची. अतिविलंबित एकतालाचे एक आवर्तनच जवळपास मिनिटभर चालते. अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यात बड्या ख्यालाचे एक आवर्तनसुद्धा पुरे होत नाही. मग उचलली जाते ती द्रुत तान, तीही टाळ्या पडलेली. ती हजारोंनी पाहिली की गायकाचा रियाजही नकळत तिकडे झुकू लागतो. त्यात निमंत्रण देताना आयोजकच अनुयायांची संख्या विचारू लागला, तर आलापीवर वर्षे घालवणाऱ्या विद्यार्थ्याने काय समजावे? आकडा पाहून कलावंत बोलावणाऱ्या आयोजकाला रसिक म्हणणेही कठीणच.

पनवेलच्या एखाद्या तरुण गायकाने आपल्या वाहिनीवर तानेऐवजी एक संपूर्ण आवर्तन ठेवून पाहावे. टाळी-खाली हाताने दाखवत, बंदिशीचे शब्द सांगत, समेपर्यंत. मैफलीच्या निमंत्रणासोबत तेवढेच पाठवावे. पाहणारे कमी होतील. पण त्यांतील दहाजण जरी नाट्यगृहात आले, तरी गायक समेवर येताना त्यांच्या माना त्याच्याबरोबर हलतील.