लेप विकत मिळतो, दिनचर्या नाही

नवतपा सरतो, पहिला पाऊस पडतो, धानाच्या बांध्यांत रोवणीची लगबग सुरू होते आणि भंडारा जिल्ह्यातील कोरडी होरपळ काही दिवसांतच दमट उकाड्यात बदलते. कॉलेजही याच सुमारास उघडते आणि मुलामुलींच्या घरात एक वरवर किरकोळ वाटणारे दुःख डोके वर काढते. कपाळ व नाक तेलकट, गालांवर लाल पुटकुळ्या, हनुवटीवर जुन्या पुळ्यांचे काळे डाग. मुलगी आरशासमोरून हलत नाही, मुलगा घरच्या कार्यात फोटोसाठी उभा राहत नाही. ‘वयाचे आहे, जाईल’ म्हणून वडील विषय संपवतात. शेजारच्या काकू एका क्रीमचे नाव सुचवतात आणि ती लहानशी ट्यूब घरात येते. आठ दिवसांत चेहरा उजळल्यासारखा वाटतो. खरे दुखणे त्यानंतर सुरू होते.

चेहरा उजळवण्यासाठी सर्रास लावल्या जाणाऱ्या काही क्रीममध्ये तीव्र स्टेरॉइड असते. त्याने लाली व सूज तात्पुरती दबते; पण महिनोन्महिने लावल्यास त्वचा पातळ होते, उन्हात भाजते, नको तेथे लव वाढते आणि क्रीम थांबवताच पुळ्या पूर्वीपेक्षा अधिक जोराने उसळतात. म्हणून पुन्हा तीच ट्यूब आणली जाते. त्वचारोगतज्ज्ञांनी वारंवार आवाज उठवल्यानंतर केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशी १४ मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकता येणार नाहीत, अशा अनुसूची ‘एच’मध्ये घातली. परंतु कायद्याचा कागद आणि गल्लीतले दुकान यांतील अंतर सर्वांना ठाऊक आहे. विदर्भातीलच अकोल्याचे उदाहरण तर अंगावर काटा आणणारे आहे. गोरेपणाचे क्रीम वापरल्यानंतर एकाच घरातील तिघींना मूत्रपिंडाचा विकार जडला आणि त्या क्रीममध्ये पारा आढळला, असे वृत्त २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले होते.

मग दुसरे टोक गाठले जाते. ‘रसायन नको, घरचेच बरे’ म्हणून लिंबाचा रस, खाण्याचा सोडा, टूथपेस्ट, जे हाती लागेल ते चेहऱ्यावर थापले जाते आणि या साऱ्याला आयुर्वेद म्हटले जाते. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊन डाग पडतात. हा आयुर्वेद नव्हे, आयुर्वेदाच्या नावावरचा उतावळेपणा आहे. स्वयंपाकघरातील प्रत्येक वस्तू औषध ठरत नाही आणि डबीवर पानाफुलांचे चित्र छापल्याने आतील मलम शास्त्रोक्त होत नाही.

शास्त्र काय सांगते ते पाहण्यासारखे आहे. सुश्रुतांनी निदानस्थानाच्या तेराव्या अध्यायात, क्षुद्ररोगांच्या मालिकेत, या विकाराचे वर्णन केले आहे. तारुण्यात चेहऱ्यावर येणाऱ्या या पुळ्या शाल्मलीच्या काट्यांसारख्या असतात, अशी त्यांची उपमा आहे. कोका-नागझिऱ्याच्या जंगलात काटेसावरीचे खोड ज्याने जवळून पाहिले आहे, त्याला ती उपमा समजावून सांगावी लागत नाही. कफ, वात आणि रक्त यांची दुष्टी हे त्याचे कारण सांगितले आहे. आजचे वैद्यकशास्त्र आपल्या भाषेत सांगते की, वयात येताना संप्रेरकांमुळे तैलग्रंथी अधिक स्निग्ध द्रव्य स्रवतात, रोमरंध्रे बुजतात, त्यात जंतू वाढतात आणि दाह होतो. दोन्ही शास्त्रांची परिभाषा वेगळी आहे आणि ओढूनताणून ती एक करण्याचे कारण नाही. पण एका गोष्टीवर दोघांचे एकमत आहे. हा विकार केवळ बाहेरच्या मळाचा नाही. म्हणून चेहरा घासून घासून तो जाणार नाही.

येथेच दिनचर्येचे महत्त्व येते. सकाळी व संध्याकाळी, आणि घाम येऊन गेल्यावर, साध्या पाण्याने व सौम्य साबणाने चेहरा धुवावा, तेवढे पुरे. दिवसातून सात-आठ वेळा धुतल्यास त्वचा कोरडी पडून चुरचुरते आणि पुळ्याही अधिक चिडतात. वाग्भटांनी अष्टांगहृदयातील दिनचर्येच्या अध्यायात अभ्यंगाची महती गायिली आहे, पण ज्याच्या ठायी कफ वाढला आहे त्याने तो टाळावा, असेही तेथेच बजावले आहे. म्हणून तेलकट चेहऱ्यावर ‘आयुर्वेदिक’ म्हणून तेल चोळणे शास्त्राला धरून नाही. त्याच अध्यायात कफ आणि मेद कमी करणारे उद्वर्तन, म्हणजे उटणे, सांगितले आहे. आठवड्यातून एक-दोनदा मसुरीच्या डाळीचे बारीक पीठ पाण्यात कालवून हलक्या हाताने लावावे व धुवावे. पुळ्या लाल आणि दुखऱ्या असतील तर तेही टाळावे. डोक्याला तेल लावायचे तर ते कपाळावर ओघळू देऊ नये.

मुखलेपासाठी लोध्र, धणे आणि वेखंड हा प्राचीन योग वैद्यांच्या परिचयाचा आहे. तीनही चूर्णे समभाग घेऊन पाण्यात कालवावीत. वेखंड तीक्ष्ण असल्याने प्रथम कोपराच्या आतील बाजूस लावून एक दिवस वाट पाहावी. आग झाली वा चट्टे उठले तर चेहऱ्यावर लावूच नये. सुश्रुतांनी सूत्रस्थानाच्या अठराव्या अध्यायात लेपाचे जे नियम घालून दिले आहेत, ते आजच्या प्रत्येक घराने लक्षात ठेवावेत असे आहेत. लेप रात्री लावू नये आणि तो वाळून चेहऱ्यावर तडकेपर्यंत ठेवू नये. ‘चेहरा ताणला गेला म्हणजे गुण आला’ ही रूढ समजूत या नियमाच्या अगदी उलट आहे.

आहार-विहाराचे पथ्य लेपाइतकेच मोलाचे आहे. रात्रीचे दही, दुधाबरोबर मासे किंवा आंबट फळे, पावसाळ्यात जेवून लगेच दुपारी ताणून झोपणे हे सारे चरकांनी निषिद्ध मानले आहे. गोड पेये, बेकरीचे पदार्थ यांसारखा, रक्तातील साखर झपाट्याने वाढवणारा आहार आणि मुरुमे यांचा संबंध असल्याचे आधुनिक अभ्यासांतही दिसून आले आहे. परीक्षेच्या काळातील जागरण आणि चिंता यांनी पुळ्या वाढतात, हे तर घरोघरी दिसते. ऋतूचेही भान हवे. पावसाळ्यात अग्नी मंद असतो, म्हणून आहार हलका व ताजा असावा. धान कापणीला येतो त्या शरदात पित्त उसळते. तेव्हा तिखट, तळलेले आणि आंबवलेले पदार्थ कमी करावेत.

आणखी एक साधी गोष्ट कोणत्याही ग्रंथात सापडणार नाही. तुमसर, साकोली, पवनीच्या रस्त्यांवरून दुचाकीने कॉलेजला जाणाऱ्या मुली ऊन आणि धूळ यांपासून बचावासाठी चेहऱ्याला दुपट्टा घट्ट बांधतात. बचाव योग्यच आहे. पण तोच घामट दुपट्टा चार दिवस वापरला तर गालांवर आणि हनुवटीवर पुळ्या वाढणारच. रोज धुतलेला सुती दुपट्टा हा कुठल्याही महागड्या क्रीमपेक्षा स्वस्त उपाय आहे. मुलांच्या हेल्मेटच्या अस्तराचेही तसेच. आणि पुळ्या फोडण्याची सवय तर सर्वांनीच सोडावी. पुष्कळसे व्रण बोटांनीच होतात.

या साऱ्या प्रश्नाच्या मुळाशी मात्र आणखी एक गोष्ट आहे, आणि ती त्वचेची नाही, दृष्टीची आहे. पुळ्यांवरचे औषध म्हणून आणलेली ट्यूब महिन्याभरात गोरेपणाचे औषध होते. मुलीला पुळ्या आल्या की आईला तिच्या लग्नाची चिंता लागते, आणि त्या चिंतेचा खरा विषय पुळ्या नसून सावळा रंग असतो. चरकांनी इंद्रियस्थानाच्या पहिल्या अध्यायात शरीराचे स्वाभाविक वर्ण सांगितले आहेत: कृष्ण, श्याम, श्यामावदात आणि अवदात. काळा आणि सावळा हे वर्ण त्यांनी गोऱ्याच्या आधी, निःसंकोचपणे, प्रकृती म्हणून मांडले. विकृतीच्या यादीत मात्र त्यांनी नीळ्या-हिरव्यासोबत ‘शुक्ल’ म्हणजे पांढराफटक वर्णही घातला. ज्या समाजाचे राम, कृष्ण आणि विठ्ठल सावळे आहेत, त्या समाजाने आपल्या लेकींच्या सावळेपणावर उपचार शोधावेत, ही विसंगती नव्हे तर काय? चरकांच्या ‘वर्ण्य’ औषधांचा अर्थ गोरे करणारी औषधे असा नाही. ज्याचा जो वर्ण, तो निरोगी आणि तेजस्वी राखणारी, असा आहे.

१९९५ मध्ये हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर अमेरिकेत पेटंट दिले गेले, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ आणि लेख पुरावा म्हणून मांडले व १९९७ मध्ये ते पेटंट रद्द करवले. तो विजय योग्य अभिमानाचा आहे. पण ज्या ग्रंथांनी परदेशात हळद वाचवली, ते ग्रंथ घरात कोणी उघडत नसेल आणि हळदीच्या नावाखाली काहीही विकले जात असेल, तर त्या अभिमानाला अर्थ उरत नाही. ‘आयुर्वेदिक’ म्हणवणाऱ्या डबीवर घटकांची नावे, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदत आहे काय, हे पाहिल्यावाचून ती घरात आणू नये. ज्या क्रीमने तीन दिवसांत रंग उजळतो, त्या क्रीमबद्दल कौतुक नव्हे, संशय वाटला पाहिजे. अशा मालाची माहिती अन्न व औषध प्रशासनाला कळवणे हेही कर्तव्यच आहे.

मर्यादाही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ग्रंथातील प्रत्येक योग आधुनिक कसोट्यांवर पारखला गेलेला नाही, आणि हे मान्य करण्यात कमीपणा नाही. गाठी खोल व दुखऱ्या असतील, खड्डे पडू लागले असतील, मुलीची पाळी अनियमित असेल किंवा चेहऱ्यावर राठ केस येत असतील, तर लेपात वेळ न दवडता त्वचारोगतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ वा पदवीधर वैद्य यांच्याकडे जावे. स्टेरॉइडचे क्रीम दीर्घकाळ लावले असेल तर तेही त्यांना न लपवता सांगावे. दिनचर्येचा गुण दिसायलाही सहा ते आठ आठवडे लागतात. तेवढा धीर धरायला मुलांना घरानेच शिकवायचे आहे.

ट्यूब विकत आणणे सोपे असते. वेळेवर झोप, ताजे अन्न, धुतलेला दुपट्टा आणि ‘तू आहेस तशी चांगली आहेस’ हे आईचे वाक्य, यांतले काहीच बाजारात मिळत नाही. आयुर्वेदाचा खरा वारसा सांभाळायचा असेल, तर त्याचा आरंभ दुकानातून नव्हे, घरातून व्हायला हवा.