पहिला प्रवेश नीट बघा

परवा शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर पुन्हा तोच विषय निघाला. कुणीतरी जागा मुलाच्या नावावर केली आणि आता सुनेशी पटत नाही. लगेच एक आजोबा म्हणाले, "नटसम्राट झाला हो त्यांचा!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मी नाही डोलावली. या वाक्याचा मला हल्ली राग येतो.

'नटसम्राट'चा पहिला प्रयोग २३ डिसेंबर १९७० चा. मी तो पुढच्या वर्षी वडिलांबरोबर पाहिला आणि गिरगावात घरी पोचेपर्यंत डोळे पुसत होते. पुढे लालबागच्या शाळेत मराठी शिकवताना पोरांना निबंध घातला, तोही 'अप्पांच्या मुलांचा कृतघ्नपणा' असाच. वर्षानुवर्षं! चूक माझीच.

कारण आपण सगळे नाटक दुसऱ्या अंकापासून बघतो. लागूंचा आवाज आठवतो, घर मागणारं स्वगत आठवतं. पण पडदा उघडतो तेव्हा गणपतराव बेलवलकर काय करत असतात? सत्काराला उत्तर देत असतात. प्रेक्षागृहातले आपणच त्या सत्काराचे प्रेक्षक, टाळ्याही आपल्याच. मग तोच माणूस घरी येतो आणि होतं नव्हतं ते मुलांना वाटून मोकळा होतो. बघा, पोशाख उतरला, पण भूमिका नाही उतरली. हे वाटप नुसतं वाटप नाही. त्यालाही टाळी हवी आहे. कावेरी परोपरीने सांगते, सगळं देऊन टाकू नका. ऐकतो कोण?

मूळ 'लिअर' इंग्रजीत वाचायची माझी छाती नव्हती. विंदांचा 'राजा लिअर' आला १९७४ साली, तो वाचला. सुरुवातीलाच दोन सरदार बोलत उभे आहेत आणि त्यांच्या बोलण्यातून कळतं की वाटण्या आधीच ठरल्यात, दोन्ही जावयांचे हिस्से अगदी तोलून मापून केलेत. म्हणजे नंतर राजा येऊन 'कुणाचं माझ्यावर जास्त प्रेम, सांगा' म्हणतो, तो निव्वळ देखावा! भर दरबारात पोरींच्या तोंडून आपली स्तुती ऐकायची हौस. धाकटी कॉर्डेलिया गप्प राहते, तर तिला हाकलतो. केंट मध्ये पडतो, त्यालाही हद्दपार करतो. राज्य दिलं म्हणतो, पण शंभर सरदारांचा लवाजमा आणि राजेपणाचा मान मात्र राखून ठेवतो. प्रवेशाच्या शेवटी थोरल्या दोघी आपसात बोलतात, की बाबांना स्वतःची ओळख कधी नव्हतीच. दुष्ट आहेत त्या, पण हे म्हणणं खोटं आहे का? सगळी माणसं कशी आहेत हे त्या एका प्रवेशातच उघडं पडलेलं असतं. म्हातारा धरून.

शिरवाडकरांनी काय केलं? कॉर्डेलिया काढली आणि बायको आणली. लिअरची राणी नाटकात नाहीच. आपल्याकडे कावेरी आहे, आणि तिला पहिल्या अंकातच पुढचं दिसतंय. कट्ट्यावर तिचं नाव कुणी घेत नाही.

"म्हणजे मुलांचं काहीच चुकलं नाही का, बाई?" चुकलं ना! बापावर चोरीचा आळ घेणाऱ्या नलूची बाजू मी घेणार नाही. अशांसाठी २००७ चा कायदाही आहे, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता परत मागता येते. अट लिहून घ्या, जरूर घ्या. पण देताना आपल्याला काय हवं होतं, ते कुठल्या कलमात लिहिणार?

हे मला कळलं ते माझ्याच पंचाहत्तरीला. आमची चाळ पुनर्विकासाला गेली आहे. केक कापला, पाहुणे जमलेले, आणि मी उभी राहून जाहीर केलं, "नवी जागा मुलाच्या नावावर!" आणि चक्क सगळ्यांचे चेहरे बघत राहिले. कोण गहिवरतं, कोण वाकून नमस्कार करतं. मुलगा नुसता "बरं" म्हणाला. सूनबाई मोबाईलवर फोटो काढत होती. मुलगी तर उठून आतच गेली. रात्रभर मला झोप नाही. कृतघ्न कार्टी! चार दिवस कुणाशी धड बोलले नाही. हे असते तर म्हणाले असते, आधी बस खाली. पण ते जाऊन नऊ वर्षं झाली.

पाचव्या दिवशी कपाटातून विंदांचं पुस्तक काढलं. पहिलाच प्रवेश वाचला आणि मिटून ठेवलं. फार वेळ खिडकीत बसून होते.

करारावर सही अजून व्हायची आहे. नाव कुणाचं घालायचं ते या वेळी पाहुण्यांशिवाय, स्वयंपाकघरात बसून ठरवू म्हणते. मुलीला फोन करून विचारलं, त्या दिवशी उठून का गेलीस गं? ती म्हणाली, "अगं आई, पुऱ्यांचं तेल तापलं होतं."