रात्री उठवणारी सिस्टर

"आत्ता कुठे पोरीचा डोळा लागला होता, तर आली ही बाई पट्टा गुंडाळायला!" कुठल्याही प्रसूती विभागात रात्री सोबतीला थांबलात तर हे वाक्य ऐकू येतंच. मैत्रिणींनो, आज त्या पट्ट्याविषयीच बोलायचं आहे. कारण गरोदरपणातला रक्तदाब बहुतेक वेळा दुखून-खुपून सांगत नाही. बाई हिंडतेफिरते, भाकऱ्या थापते, डोहाळजेवणाला हिरवी साडी नेसून झोपाळ्यावर बसते आणि आतून दाब चढत असतो.

वीस आठवडे उलटल्यावर दाब १४०/९० किंवा त्याच्या वर गेला आणि लघवीतून प्रथिनं जाऊ लागली, की डॉक्टर प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात. १६०/११० म्हणजे तर धावाधावच. त्यापुढे झटके. झटके आले की बाहेरची बाधा म्हणून लिंबू उतरवणारी घरं आजही आहेत. त्यात गेलेला तास आई आणि बाळ दोघांनाही महागात पडतो. अशा वेळी बाईला डाव्या कुशीवर वळवा, तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका आणि १०८ ला फोन लावा.

झटके टाळायला आणि थांबवायला मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन देतात. औषध जुनं आहे, स्वस्तही आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या 'मॅगपाय' या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात त्यानं झटक्यांचा धोका निम्म्याहून जास्त कमी झालेला दिसला. पण हे इंजेक्शन टोचून पाठ फिरवता येत नाही. पुढचा डोस देण्याआधी सिस्टर गुडघ्यावर हलकेच हातोडी मारून पाय उडतो का बघते, मिनिटाला श्वास किती ते मोजते, पिशवीत लघवी किती जमली ते लिहिते. श्वास सोळाच्या खाली किंवा लघवी तासाला तीस मिलिलिटरच्या खाली गेली, तर डोस थांबवून डॉक्टरांना बोलावते. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी ठेवलेलं असतं. हे सगळं रात्री दोनलाही करावं लागतं. आता सांगा, झोपमोड केली म्हणून तिच्यावर खेकसायचं का?

अर्थात तिलाही हे नीट करता आलं पाहिजे. अख्खा वॉर्ड एकटीच्या गळ्यात बांधायचा आणि वर तिनं दर थोड्या वेळानं दाब बघावा म्हणायचं, हे कुठल्या हिशोबात बसतं? सिस्टरच्या रिकाम्या जागा हा केवळ त्यांच्या संघटनेचा प्रश्न नाही, तो आपल्या लेकी-सुनांच्या जिवाचा आहे. दाब मोजायचीही रीत असते. पाच मिनिटं शांत बसवून, पाठीला टेका देऊन, दंड हृदयाच्या उंचीला ठेवून मोजायचा. दारातून धापा टाकत आलेल्या बाईचा उभ्याउभ्या घेतलेला आकडा कार्डावर चढवणं म्हणजे नुसती रकानेभरती. आणि "नॉर्मल आहे हो" एवढ्यावर उठू नका, आकडा विचारा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रात गरोदर बायांची मोफत तपासणी होते, तिथंही विचारा.

"दाबाच्या गोळीनं बाळाला बाधेल" म्हणून ती गुपचूप उशीखाली सारणाऱ्या मुली मी पाहिल्यात. गरोदरपणात चालणाऱ्या गोळ्या वेगळ्या असतात आणि डॉक्टर त्याच देतात. त्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत.

बाळ झालं की सुटलो, असंही नाही. आमच्या भागातल्या एका मुलीला पाचवी पूजायची म्हणून घरच्यांनी हट्टानं लवकर घरी आणलं. पाचव्या दिवशी डोकं ठणकू लागलं, डोळ्यांपुढे काजवे. घरचे म्हणाले, वारं लागलं, कान बांधा, शेगडी द्या. नशीब, आशाताई बाळाला बघायला आली होती. दाब निघाला १७०/११०. वेळेत दवाखाना गाठला म्हणून मायलेकरं आज सुखरूप आहेत.

बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमारास दाब पुन्हा चढू शकतो. न थांबणारी डोकेदुखी, अंधुक दिसणं, बरगड्यांखाली दुखणं ('पित्त' म्हणून सोडा-लिंबू देतात तेच), तोंडा-हातावर एकाएकी सूज, लघवी कमी होणं, यातलं काहीही ओल्या बाळंतिणीला झालं तर सकाळची वाट बघू नका. आणि दवाखान्यातून निघताना कागदावर दाबाचा शेवटचा आकडा आणि पुढच्या तपासणीची तारीख सिस्टरकडून लिहून घ्या. ती तारीख बारशाच्या आधीची असेल.