काचेपलीकडचा राजमा

वराळे-आंबी परिसरात महाविद्यालये आणि वसतिगृहे वाढली, तसे आपल्या घरांतील मुलांच्या बोलण्यात बरिटो, टाको, केसादिया हे शब्द रुळले. सुटीच्या दिवशी तळेगावहून लोकलने पुणे गाठावे, एका साखळी उपाहारगृहात मेक्सिकन जेवण घ्यावे आणि अर्धपोटी परतावे, हा अनुभव गेल्या वर्षभरात आम्ही सहकुटुंब तीनदा घेतला.

भात गार, मैद्याची पोळी चामट, सर्वांवर एकच आंबट सॉस, ही तक्रार आहेच. पण खरे दुखणे रचनेत आहे. काचेपलीकडे भांडी मांडलेली असतात. गिऱ्हाइकाने बोट दाखवावे आणि सेवकाने पोळीवर एकेक पदार्थ वाढत जावे. स्टीव्ह एल्स यांनी १९९३ साली डेन्व्हर येथे काढलेल्या चिपोटलेमुळे ही पद्धत विशेष लोकप्रिय झाली. वरकरणी निवड आपल्या हाती. वस्तुतः ती सकाळीच झालेली असते. राजमा कांदा-लसणासह शिजलेला, साल्सामध्ये कांदा आधीच मिसळलेला. ‘जैन द्या’ म्हटल्यावर सेवक पदार्थ वगळू शकतो, नवा काही देऊ शकत नाही. चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य करणाऱ्या आमच्या सासूबाईंना लेट्यूसही चालेना. त्यांच्या वाट्याला भात, मका आणि चीज आले. दर मात्र पुरा! पाकिटावरचे हिरवे चिन्ह शाकाहाराची ग्वाही देते, कंदमुळांविषयी ते काहीच सांगत नाही.

यात अन्याय मेक्सिकोवरही होतो. २०१० साली युनेस्कोने त्या देशाच्या पारंपरिक पाककलेला अमूर्त वारशाचा मान दिला. त्याच वर्षी टाको बेलचे भारतातील पहिले दालन बंगळुरूत उघडले. तेथील स्वयंपाकाचा मूळ पाया मका, घेवडावर्गीय कडधान्ये, भोपळा, मिरची आणि टोमॅटो यांचा. यांतले एकही कंदमूळ नाही! कांदा-लसूण तेथे स्पॅनिश लोकांनी नेला. म्हणजे हे अन्न कित्येक पंजाबी रश्श्यांपेक्षा आपल्या चुलीला जवळचे.

मक्याच्या पिठाला चिकटपणा नाही, म्हणून आपण भाकरीसाठी ते कढत पाण्यात भिजवतो. मेक्सिकोत दाणेच चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर मुरवतात आणि मग वाटतात. त्यामुळे पोळी लवचीक होते व मक्यातील जीवनसत्त्वही अंगी लागते. साखळीतल्या मैद्याच्या गुंडाळीत या मेहनतीचा मागमूस नाही.

दुकानदारांना फार मोठे काम सांगायचे नाही. सकाळी राजमा उकडल्यावर कांद्याची फोडणी पडण्यापूर्वी एक भांडे बाजूला काढावे आणि त्याचा चमचा वेगळा ठेवावा. घरी करणाऱ्या भगिनींनी आंबेमोहराच्या वंशातला आपला मावळचा इंद्रायणी या कामी वापरू नये. तो मऊ व चिकट होतो आणि गुंडाळीत गोळा बनतो. मोकळा शिजणारा तांदूळ घ्यावा. राजम्याला जिरे, टोमॅटो, सुकी लाल मिरची आणि उतरवताना लिंबू पुरे.