हौदावरचे चित्र आणि हौदातले पाणी

जलशुद्धीकरण केंद्राच्या आवारात, उदंचन केंद्राच्या भिंतीवर किंवा एखाद्या उंच जलकुंभावर शिल्प अथवा चित्र करून घ्यावे असा प्रस्ताव महापालिकेपुढे आला, की दोन ठरावीक प्रतिक्रिया उमटतात. पहिली वस्तीतून येते: नळाला पाणी नाही आणि यांना चित्रे सुचतात! दुसरी आयुक्तांच्या दालनातून येते: शहर सुंदर दिसले पाहिजे, पाहुण्यांवर छाप पडली पाहिजे. समाजवादी कार्यकर्ता स्वभावतःच पहिल्या प्रतिक्रियेच्या बाजूला उभा राहतो आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. पण तो तिथेच थांबला, तर सार्वजनिक कलेचा सगळा प्रांत तो कंत्राटदारांच्या आणि जाहिरातदारांच्या हवाली करून बसतो. म्हणून हा प्रश्न थोडा मुळापासून तपासला पाहिजे.

वस्तीतल्या संतापाला कारण आहे. मुंबई महापालिकेने २०२२ साली सुमारे १,७०० कोटी रुपयांचा सुशोभीकरण प्रकल्प हाती घेतला. भिंती रंगल्या, पुलांना आणि वाहतूक बेटांना रंगीत दिव्यांच्या माळा लागल्या. त्याच्याही आधी, २०१७ साली, तानसा जलवाहिनीच्या कडेने सायकलींसाठी आणि फिरण्यासाठी मार्ग बांधण्याची योजना जाहीर झाली. जलवाहिनीच्या सुरक्षिततेसाठी म्हणून तिच्या दोन्ही बाजूंच्या झोपड्या हटवण्यात येत होत्या आणि तिथल्या कुटुंबांना माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी नेऊन टाकण्यात येत होते. तिथली हवा सोसवेना, म्हणून त्यांना उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. ज्यांच्या उशाशी वर्षानुवर्षे शहराचे पाणी वाहत होते आणि तरीही ज्यांना हंड्यासाठी वणवण करावी लागत होती, त्यांना उठवून त्या जागी शोभा आणायची, याला सौंदर्यदृष्टी म्हणत नाहीत. असे सुशोभीकरण पाहिलेल्या माणसाने कलेचे नाव ऐकताच कपाळाला आठ्या घातल्या, तर दोष त्याचा नाही.

परंतु पाण्याच्या कामाला कलेची जोड देणे म्हणजे नेहमी हेच असते काय? या प्रश्नाचे सर्वांत मोठे उत्तर मेक्सिको शहरात चापुल्तेपेकच्या उद्यानात उभे आहे. ते जितके उमेद देणारे आहे, तितकेच अस्वस्थ करणारेही आहे.

समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरांहून अधिक उंचीवर वसलेल्या या शहराने स्वतःच्या पायाखालचे पाणी इतके उपसले, की जमीनच खचू लागली. तेव्हा डोंगरापलीकडच्या लेर्मा नदीच्या उगमाकडील झऱ्यांचे पाणी शहरात आणण्याचे ठरले. १९४२ साली काम सुरू झाले. डोंगराच्या पोटातून सुमारे १४ किलोमीटरांचा बोगदा खोदण्यात आला आणि १९५१ साली पाणी शहरात पोहोचले. ते जिथे येऊन पडते त्या हौदावर रिकार्दो रिव्हास या वास्तुशिल्पीने एक छोटेखानी इमारत बांधली आणि हौद रंगवण्याचे काम दिएगो रिव्हेरा यांच्याकडे सोपवण्यात आले.

रिव्हेरांनी हौदाच्या तळावर, भिंतींवर आणि बोगद्याच्या मुखावर चित्र काढले. चित्राला नाव दिले ‘पाणी, जीवनाचे मूळ’. जीवसृष्टीचा उगम पाण्यात झाला, या सोव्हिएत शास्त्रज्ञ ओपारिन यांच्या सिद्धान्ताचा आधार त्यामागे होता. तळाशी सूक्ष्म जीव, त्यांच्यापासून वर चढत गेलेले वनस्पती आणि प्राणी आणि समोरासमोरच्या भिंतींवर मानवजातीचे प्रतिनिधी म्हणून एक आफ्रिकी पुरुष आणि एक आशियाई स्त्री. बोगद्याच्या मुखावर दोन भव्य हात पाण्याची ओंजळ पुढे करतात. भिंतींवर बोगदा खोदणारे कामगार आहेत, आराखडा घेऊन उभे असलेले अभियंते आहेत, तहानलेली माणसे आहेत. बाहेरच्या कुंडात त्लालोक हा पर्जन्यदेव रंगीत दगडांच्या तुकड्यांनी मढून उताणा पडला आहे आणि त्याचा एक चेहरा आकाशाकडे वळलेला आहे. हे सारे कोणा धनिकाच्या दिवाणखान्यासाठी झालेले नव्हते. पाणीपुरवठा खात्याच्या हौदात ते झाले आणि ते प्रत्यक्ष पाण्याखाली राहावे, अशीच कल्पना होती.

रिव्हेरा तिथे योगायोगाने पोहोचले नव्हते. १९१० च्या क्रांतीनंतर मेक्सिकोत चित्रकलेला शाळा, मंत्रालये आणि बाजार यांच्या भिंतींवर आणण्याची चळवळ उभी राहिली. चित्रकारांनी स्वतःला तांत्रिक कामगार म्हणवून घेत संघटना बांधली आणि १९२४ साली ‘एल माचेते’ हे नियतकालिक काढले. घरात टांगण्याच्या चित्रापेक्षा रस्त्यावरून दिसणारे चित्र श्रेष्ठ, हा त्यांचा आग्रह होता. खासगी मालकाच्या भिंतीवर काय घडते, हेही रिव्हेरांनी अनुभवले होते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर केंद्रात १९३३ साली त्यांनी रंगवलेल्या चित्रात लेनिनची आकृती होती, एवढ्यावरून ते काम थांबवण्यात आले आणि १९३४ साली चित्र फोडून टाकण्यात आले. ज्याची भिंत त्याची सत्ता, हा भांडवलशाहीचा नियम कलावंताला अशा रीतीने समजावण्यात आला. हौदाचे काम चालू असताना रिव्हेरा कम्युनिस्ट पक्षाच्या बाहेर होते. १९२९ साली त्यांना काढून टाकण्यात आले होते आणि परत प्रवेश मिळाला तो १९५४ साली. पक्षाचे सदस्यत्व नसतानाही त्यांनी कामगाराला चित्राच्या मध्यभागी आणले, ही गोष्ट सदस्यत्वाच्या पावत्या मोजणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

अशा चित्राची गरज काय? पाणीपुरवठा ही आधुनिक शहराची सर्वांत मोठी सामुदायिक निर्मिती आहे आणि तीच सर्वांत अदृश्य आहे. मुंबईला दररोज सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाणी मिळते. ते तानसा, वैतरणा, भातसा या दूरच्या धरणांतून येते, भांडुप आणि पांजरापूर येथे शुद्ध होते, टेकड्यांवरच्या जलाशयांत साठते आणि चावीवाल्याच्या हाताने गल्लीगल्लीत सुटते. नागरिकाला यातले काय दिसते? नळ आणि देयक. धरण बांधताना कोण खपले, मध्यरात्री फुटलेल्या जलवाहिनीवर कमरेइतक्या चिखलात कोण उतरले, पाणी कोणाच्या शेजारून उचलून आणले, हे त्याच्या दृष्टीपलीकडे राहते. जे दिसत नाही ते आपले वाटत नाही आणि जे आपले वाटत नाही ते विकायला निघाले तरी कोणी रस्त्यावर येत नाही. पाणी ही एक विक्रीयोग्य वस्तू आहे आणि तिचे व्यवस्थापन खासगी कंपनीकडे द्यावे, असे सांगणाऱ्यांचे काम या अज्ञानामुळे सोपे होते. म्हणूनच पाण्यामागचे श्रम आणि पाण्यामागचा भूगोल लोकांच्या डोळ्यांपुढे आणणारी कला ही चैन नव्हे. सार्वजनिक मालकीची जाणीव जागी ठेवण्याचे ते एक साधन आहे.

आता या चित्राची दुसरी बाजू. लेर्माच्या खोऱ्यात मोठी सरोवरे आणि पाणथळी होत्या. काठची माणसे मासेमारीवर, लव्हाळ्याच्या विणकामावर, पाणपक्ष्यांवर जगत होती. झरे शहराकडे वळले, पुढे शेकडो विहिरी खोदून भूजलही उपसले गेले आणि सरोवरे आटत गेली. राजधानीची तहान भागवताना एका संपूर्ण खोऱ्याची उपजीविका गेली. रिव्हेरांच्या ओंजळीतून पाणी मिळणारा माणूस चित्रात आहे. ज्याच्या ओंजळीतून ते काढून घेतले, तो त्या चित्राचा विषय झाला नाही. श्रमाचा गौरव करणाऱ्या, क्रांतीवर निष्ठा असणाऱ्या थोर चित्रकारालाही शहराच्या हौदात उभे राहून खेड्याचे नुकसान जाणवले नाही. यात एका माणसाची उणीव काढण्यात अर्थ नाही. धरण, बोगदा आणि यंत्र यांच्याकडे निखळ प्रगती म्हणून पाहण्याची ती त्या काळच्या डाव्या विचाराची दृष्टी होती. भारतातील समाजवादीही तिच्यातून पूर्णपणे सुटले नव्हते.

जे चित्रात आले नाही ते पुढे रस्त्यावर आले. लेर्माचे पाणी पुरेना, तेव्हा १९८० च्या दशकात कुत्सामाला नावाची आणखी दूरची आणि हजार मीटरांहून अधिक उंच पाणी चढवणारी योजना सुरू झाली. तिचे शुद्धीकरण केंद्र माझाउआ आदिवासींच्या प्रदेशात आहे. केंद्राच्या भिंतीला लागून असलेल्या खेड्यांना मात्र पिण्याचे पाणी नव्हते आणि २००३ साली धरणाच्या पाण्याने त्यांची शेती बुडाली. २००४ साली माझाउआ स्त्रिया पारंपरिक पोशाखात, हातात लाकडी बंदुका घेऊन आंदोलनात उतरल्या. त्या बंदुकांतून गोळी सुटणार नव्हती, हे साऱ्या देशाला ठाऊक होते. पण शहराचे पाणी कुठून येते, हे राजधानीला तेव्हा कळले. हौदातल्या चित्रात राहून गेलेली आकृती या स्त्रियांनी स्वतः भरून काढली.

चित्राचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. रिव्हेरांनी पाण्यात टिकेल असा रंग तयार करण्याचा प्रयोग केला होता. तो फसला. वाहत्या पाण्याने चित्र झिजू लागले आणि १९९० च्या दशकात पाणी दुसरीकडून वळवावे लागले. दुरुस्तीनंतर २०१० साली ती वास्तू पुन्हा लोकांसाठी खुली झाली. आज तिथे चित्र आहे, पण चित्राला स्पर्श करणारे पाणी नाही. त्याच्या जागी आरिएल गुझिक यांची ध्वनिरचना ऐकू येते. प्रेक्षक कोरड्या हौदात डोकावतो. त्याच शहराच्या इस्तापालापासारख्या कष्टकरी भागात पाण्यासाठी टँकरची वाट पाहिली जाते आणि २०२४ साली कुत्सामालाची धरणे तळाला जाऊन सारी राजधानी चिंतेत पडली होती. कला जपली गेली, हे चांगले झाले. पण तिने जे वचन उच्चारले होते ते पाळले गेले नाही.

महाराष्ट्राला हे चित्र परके नाही. तानसा आणि भातसा ही धरणे ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तिथल्या आदिवासी पाड्यांना उन्हाळ्यात टँकरने पाणी पुरवावे लागते. खुद्द मुंबईत, अनधिकृत वस्तीत राहतो म्हणून माणसाला पाणी नाकारता येत नाही, हे पाणी हक्क समितीला २०१४ साली उच्च न्यायालयाकडून वदवून घ्यावे लागले. आणि पाणी हा माणुसकीचा हक्क आहे, हे या भूमीत न्यायालयाने प्रथम सांगितले असेही नव्हे. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तेव्हा आणि बाबासाहेब आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा ते सांगून झाले होते. पाण्यावरच्या कलेला याहून मोठा विषय लाभण्याची शक्यता नाही. तरीही आपल्या शहरांतल्या रंगवलेल्या भिंतींवर मासे, फुलपाखरे आणि पाणी वाचवण्याचा उपदेश तेवढा दिसतो आणि तो उपदेश वाचणाऱ्यांत दोन हंड्यांत दिवस काढणारी बाईही असते.

तेव्हा स्थानिक स्वराज्य संस्थांत काम करणाऱ्या पुरोगामी सदस्यांनी अशा प्रस्तावाला डोळे मिटून विरोध करू नये आणि डोळे मिटून हातही वर करू नये. त्यांनी काही अटी घालाव्यात. कलेसाठी काढलेली रक्कम नवीन बांधकामाच्या खर्चाचा उघड, ठरावीक भाग असावी. गळती थांबवण्याच्या किंवा नव्या वस्त्यांना जोडण्या देण्याच्या तरतुदीतून ती वळवलेली नसावी. ज्या प्रभागात पाणी पोहोचलेले नाही, तिथे जलवाहिनी आधी जावी. कलावंताची निवड खुल्या पद्धतीने व्हावी आणि त्याला मजुरी पूर्ण मिळावी. विषय ठरवताना खात्यातल्या कायम आणि कंत्राटी कामगारांना, तसेच जिथून पाणी येते त्या गावांना विचारावे. त्या कामात दगावलेल्या मजुरांची नावे तिथे कोरलेली असावीत. पुढाऱ्याचा चेहरा आणि कंपनीचे बोधचिन्ह यांना त्या भिंतीवर मज्जाव असावा. आणि सुरक्षिततेच्या नावाखाली कायम बंद राहणारी ही केंद्रे वर्षातून काही दिवस तरी शाळकरी मुलांना आणि नागरिकांना पाहायला मिळावीत. कोणी पाहू शकणार नाही अशा कलेला सार्वजनिक म्हणणे निरर्थक आहे.

आधी पाणी, मग चित्र, असा क्रम लावणाऱ्या कार्यकर्त्याची तळमळ खरी आहे आणि जिथे दोहोंतून एकच निवडायचे असेल तिथे त्याचाच शब्द अखेरचा असावा. पण श्रमिकांनी नेहमी केवळ भाकरीचाच विचार करावा, सौंदर्य वरच्यांसाठी राखून ठेवावे, ही शिकवण समाजवादाची नव्हे. ती मालकांची आहे. सार्वजनिक पैशातून उभे राहणारे काम उपयुक्त असावे, सुंदर असावे आणि खरेही असावे, अशी तिहेरी मागणी करण्याचा अधिकार लोकांना आहे. मेक्सिकोच्या हौदाने पहिल्या दोन मागण्या काही काळ पुऱ्या केल्या आणि तिसरीत तो कमी पडला. उद्या शहापूरच्या पाण्यावर चालणाऱ्या एखाद्या केंद्राच्या भिंतीवर चित्र निघणार असेल, तर त्यात शहापूरच्या पाड्यावरची हंडा घेतलेली स्त्री असली पाहिजे. आणि ते चित्र पूर्ण होण्याच्या आत तिच्या दारात नळ आला पाहिजे. या दोन्ही गोष्टींसाठी लढा एकच आहे.