दुसरा दवाखाना कुठे आहे?

साथीच्या काळात कोणती अफवा कुठून पसरते, याचा माग काढणाऱ्या संशोधकांना ट्विटरवरील माहिती अनेक वर्षे मोफत मिळत होती. फेब्रुवारी 2023 मध्ये कंपनीने हे दार बंद करण्याचे जाहीर केले. ऑगस्ट 2024 मध्ये मेटाने ‘क्राउडटँगल’ हे साधन गुंडाळले. दोन्ही निर्णय मालकांचे.

यावर खुल्या जाळ्यांचा पर्याय सांगितला जातो. मॅस्टोडॉनवर विद्यापीठ किंवा डॉक्टरांची संघटना स्वतःचा सर्व्हर चालवू शकते. ब्लूस्कायच्या रचनेत तर खाते, मजकूर आणि अनुयायी सोबत घेऊन दुसऱ्या सर्व्हरवर जाता येते. रुग्णाने फाईल घेऊन दुसऱ्या डॉक्टरकडे जावे तसे. पण गावात दुसरा दवाखानाच नसेल तर फाईल घेऊन जायचे कुठे? ब्लूस्कायची बहुतेक खाती आजही त्याच कंपनीच्या सर्व्हरवर आहेत. म्हणूनच जानेवारी 2025 मध्ये ‘फ्री अवर फीड्स’ मोहिमेने स्वतंत्र यंत्रणेसाठी तीन वर्षांत 3 कोटी डॉलर उभारण्याचे लक्ष्य ठेवले.

पैशाहून अवघड प्रश्न माणसांचा आहे. मधुमेह मुळापासून बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात रात्री दोन वाजता कोण हटवणार? लहान सर्व्हरवर हे काम बहुधा स्वयंसेवक करतात. यंत्राला देणगीदार मिळतो, ते चालवणाऱ्याच्या पगाराला मिळत नाही, हे सरकारी रुग्णालयांचेही जुने दुखणे. युरोपीय संघाच्या माहिती-संरक्षण पर्यवेक्षकाने एप्रिल 2022 मध्ये सरकारी संस्थांसाठी मॅस्टोडॉनचा सर्व्हर सुरू केला होता. पुढे चालवायला दुसरी संस्था मिळाली नाही; मे 2024 मध्ये तो बंद झाला.