बोट नको, पुठ्ठा धरा

ईदला गावी निघायचे असते आणि गाडीचे पॉवर स्टिअरिंग जड लागते. बॉनेट उघडून आपण पाइपवर बोट फिरवत ऑइलची गळती शोधू लागतो. आमचे सांगणे एवढेच, इंजिन चालू असताना असे कधीच करू नका. त्या ऑइलचा दाब टायरमधील हवेच्या तीसपटीहून जास्त होऊ शकतो. बारीक छिद्रातून उडालेली धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, सुरुवातीला फारशी दुखतही नाही; पण उशीर झाला तर बोट गमवावे लागू शकते. मलम लावत बसू नका. तडक इस्पितळ गाठा, ऑइल शिरल्याचे डॉक्टरांना सांगा. गळती लांबून पुठ्ठा धरून पाहा. पाइप खोलायचा तो इंजिन बंद करून, थंड झाल्यावरच. आपले हात ही अल्लाहची अमानत आहे.